तणस, सलगम आणि भोपळा : हॅलोविनच्या सोंगांची शेतातली गोष्ट



हलके धान कापून झाले. भारी धानाला अजून पंधरा-वीस दिवस आहेत. मळणीचा नंबर लागेपर्यंत हात जरा मोकळे आहेत, म्हणून आजची नोंद तुडतुड्याची नाही, करप्याची नाही (करपा येईल मध्येच, पण वेगळ्या कामासाठी). आज सोंगांबद्दल लिहितो.

दरवर्षी ऑक्टोबर संपत आला की शहरातल्या नातेवाइकांकडून फोटो यायला लागतात. पोरं काळे झगे घालून, तोंडाला प्लास्टिकची कवटी बांधून, हातात नारिंगी भोपळ्याची बादली घेऊन उभी. ते बघून आपल्याकडे लोक दोनच गोष्टी म्हणतात. एक, हे विदेशी भुताटकीचं खूळ आहे. दोन, हा अमेरिकेतल्या दुकानदारांनी काढलेला धंदा आहे. दुसऱ्यात थोडं तथ्य आहे, पण ते अलीकडचं. मुळात हॅलोविन हा सुगी संपल्याचा सण. तो पाळणारे लोक गुरंढोरं आणि ओट, जव करणारे शेतकरी होते. त्या रात्रीचं सोंग विकत मिळत नव्हतं. कापणीनंतर घरी आणि शेतात जे पडून असे त्यातूनच ते बनायचं. तणस, मेंढीचं कातडं, चुलीची काजळी, सलगम. म्हणून या पानावर त्याला जागा द्यायला हरकत नाही.

आयर्लंड आणि स्कॉटलंडमध्ये वर्षाचे दोन भाग मानत. मे महिन्याच्या पहिल्या तारखेला उन्हाळा सुरू, नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला हिवाळा सुरू. या दुसऱ्या दिवसाचं गेलिक नाव साउइन. त्यांचा दिवस सूर्य मावळला की सुरू होई, म्हणून सण ३१ ऑक्टोबरच्या संध्याकाळीच लागायचा. उन्हाळाभर गुरं डोंगरावरच्या कुरणात असत. घरातली तरुण पोरं-पोरी तिथे झोपड्या बांधून राहत, दूध काढत, लोणी करत. साउइनच्या सुमारास सगळे खाली गावात परत. मग चाऱ्याचा हिशोब. हिवाळ्यात किती जनावरं जगवता येतील ते ठरवायचं, उरलेली कापून मांस खारवून ठेवायचं. ज्याने मार्च-एप्रिलमध्ये तणसाचा ढीग संपताना बघितला आहे त्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.

आणखी एक गोष्ट. आयर्लंडमध्ये कुळांनी जमीनदाराला द्यायचा खंड वर्षातून दोनदा असे, बहुतेक ठिकाणी मे आणि नोव्हेंबरात. म्हणजे गुरं घरी आली, धान्य आत आलं, आणि त्याच वेळी देणंही दारात आलं. आपल्याकडे पाडव्याला सालगड्याचं साल बदलतं, देण्याघेण्याचा निकाल लागतो, तसाच हा काळ. एक वर्ष बंद होऊन दुसरं उघडायच्या मधली ही रात्र. लोक मानत की या रात्री मेलेली माणसं घराकडे येतात, चुलीपाशी त्यांच्यासाठी जागा ठेवावी. आणि त्यांच्यासोबत नको ते सुद्धा येतं, म्हणून ओळखू येऊ नये असं रूप घेऊन फिरावं. पूका नावाचं एक खट्याळ भूत त्या रात्री रानातल्या काळ्या बेरींवर थुंकतं, त्यानंतर त्या खाऊ नयेत, असं आयरिश आया पोरांना सांगत. नोव्हेंबरात त्या भागात थंडी-ओलीने बेरी सडतातच. पूका बिचारा उगाच बदनाम.

पुढे ख्रिस्ती चर्चने १ नोव्हेंबर हा सगळ्या संतांचा दिवस ठरवला. नवव्या शतकात तो पश्चिम युरोपभर पसरला. २ नोव्हेंबर मृतात्म्यांचा. संतांना जुन्या इंग्रजीत 'हॅलो' म्हणत, त्यांच्या दिवसाच्या आदली संध्याकाळ म्हणून हॅलोविन. नाव चर्चचं, पण रात्रीचे उद्योग शेतकऱ्यांचेच राहिले.

आता सोंग कसं बनायचं ते.

स्कॉटलंडच्या उत्तरेला समुद्रात शेटलंड नावाची बेटं आहेत. झाड जवळपास नाही, वारा भयंकर, पीक ओट आणि जवाचं. तिथे सोंग घेणाऱ्यांना स्केकलर म्हणत. पोशाख पूर्ण तणसाचा. कमरेला दोर, त्याला लोंबणारं लांब तणस गुडघ्याच्या खालपर्यंत. तसंच दुसरं खांद्यावरून. आणि डोक्यावर तणसाची उंच निमुळती टोपी, शेंड्याला रंगीत फिती बांधलेल्या. तोंडावर कापड. हे सोंग घेऊन हॅलोविनच्या दिवसांत, नाताळात आणि लग्नाच्या घरी जायचं. गंमत अशी की स्केकलर बोलायचे ते श्वास आत घेत घेत. करून बघा. आपला आवाज आपल्यालाच ओळखू येत नाही. गाव पन्नास उंबऱ्यांचं, प्रत्येकजण प्रत्येकाला चालीवरून ओळखणार, तिथे कपडे बदलून भागत नाही, आवाजही बदलावा लागतो. आपल्या दंडारीतला नाच्या कितीही लुगडं नेसला तरी बोलला की 'अरे हा तर अमक्याचा पोरगा' होतंच ना!

पश्चिमेच्या साउथ यूइस्ट बेटावर मेंढरं जास्त, म्हणून तिथला मुखवटा मेंढीच्या कातड्याचा, लोकर तशीच ठेवून, डोळ्यांना भोकं पाडलेली. मार्गारेट फे शॉ ही अमेरिकन बाई १९२९ पासून सहा वर्षं त्या बेटावर दोन बहिणींच्या घरी राहिली. ती लोकगीतं गोळा करत होती आणि सोबत फोटो काढत होती. तिने काढलेल्या हॅलोविनच्या सोंगाड्यांच्या फोटोत दुकानातली एक वस्तू सापडत नाही. दक्षिण आयर्लंडमध्ये एकजण पांढरं कापड पांघरून घोडीचं सोंग घेई, तिला लार वान, म्हणजे पांढरी घोडी म्हणत. ती पुढे आणि पोरं मागे, घरोघर जाऊन खायचे जिन्नस गोळा करत. इंग्लंडच्या चेशरमध्ये तर घोड्याची खरी कवटी काळी रंगवून काठीवर लावतात. अँट्रोबस गावचे लोक ते नाटक अजून करतात. जिथे काहीच नसे तिथे चुलीची काजळी तोंडाला फासायची आणि बापाचा कोट उलटा घालायचा. झालं सोंग.

दारात गेल्यावर फुकट काही मिळत नसे, हेही सांगितलं पाहिजे. स्कॉटलंडमधल्या पोरांना आधी काहीतरी करून दाखवावं लागे. गाणं, चार ओळी, एखादा विनोद. मग सफरचंद, सुका मेवा, नाणं. हे वाचल्यावर मला आपला तान्हा पोळा आठवला नसता तरच नवल. पोळ्यात झडत्या म्हणायच्या, आणि दुसऱ्या दिवशी पोरांनी लाकडी नंदी सजवून दारोदार न्यायचा, घरच्यांनी बोजारा द्यायचा. आमच्या भागात त्याच दिवशी मारबत-नारबोद गावाबाहेर नेतात. म्हणजे सोंग, दारावरची फेरी, खाऊ आणि इडापीडेला गावाबाहेर काढणं, चारही गोष्टी आमच्याकडे दोन दिवसांत आहेत. त्यांनी आपलं घेतलं किंवा आपण त्यांचं घेतलं असं काही म्हणत नाही, कृपा करून तसं पसरवू नका. शेतीवर जगणारी माणसं कामाच्या दोन हंगामांमधल्या फटीत सारखंच काहीतरी करतात, एवढंच.

या सगळ्याची सर्वात चांगली नोंद एका शेतकऱ्यानेच करून ठेवली आहे. रॉबर्ट बर्न्स, स्कॉटलंडचा सर्वात मोठा कवी. तो कुळाचा मुलगा, स्वतः आयरशरमध्ये मॉसगील नावाची जमीन भावासोबत कसत होता. नांगराने उंदराचं बीळ मोडलं म्हणून उंदरावर कविता लिहिणारा तोच. त्याने १७८५ साली 'हॅलोविन' नावाची लांब कविता लिहिली, पुढच्या वर्षी ती छापली गेली, आणि शहरी वाचकांना कळावं म्हणून त्याने खाली टिपा दिल्या. कवितेपेक्षा मला त्या टिपा जास्त आवडल्या. त्या रात्री पोरं-पोरी डोळे मिटून केलच्या वाफ्यात जात. केल म्हणजे पानकोबीची बहीण, गड्डा न धरणारी. हाताला येईल तो पहिला दांडा उपटायचा. दांडा सरळ की वाकडा, लांब की खुजा, तसा नवरा किंवा बायको मिळणार. मुळाला माती चिकटून आली तर हुंडा भरपूर. दांड्याचा गाभा चाखायचा. गोड लागला तर स्वभाव गोड, कडू तर कडू. मुळाला चिकटलेली माती म्हणजे संपत्ती, हे शेतकऱ्यालाच सुचू शकतं.

आता दिव्याकडे येऊ, कारण हॅलोविन म्हटलं की भोपळा. पण आयर्लंड-स्कॉटलंडमध्ये भोपळा नव्हताच. दिवा सलगमाचा. अठराव्या शतकात ब्रिटनमध्ये जमीन पडीक ठेवण्याऐवजी फेरपालटात सलगम आणि क्लोव्हर घ्यायची पद्धत पसरली. सलगम हा हिवाळ्यातला गुरांचा चारा. त्यामुळे ऑक्टोबरअखेर शेतं सलगमाने भरलेली असत, पोरांनी दोन-चार उचलले तरी कुणाचं काही जात नसे. आतला गर कोरून काढायचा, डोळे-तोंड कापायचं, आत मेणबत्तीचा तुकडा. स्कॉटलंडमध्ये १८९५ सालची नोंद आहे: सोंग घेतलेली मुलं कोरलेल्या सलगमाचे कंदील घेऊन घरोघर हिंडत होती आणि त्यांना केक, फळं, पैसे मिळत होते. इंग्लंडच्या सॉमरसेटमध्ये हेच काम चाऱ्याच्या बिटावर करतात. आयर्लंडच्या डोनेगल भागातल्या फिनटाउनहून आलेल्या एका जुन्या सलगम-कंदिलाचा साचा तिथल्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. मूळ सलगम १९४३ साली संग्रहालयाला मिळाला, पण तो सुकून मोडायला आला होता, म्हणून प्लास्टरमध्ये हुबेहूब करून ठेवला. त्याचा फोटो एकदा बघाच. दात वेडेवाकडे, डोळे खोल गेलेले, कातडी सुरकुतलेली. आजचा हसरा भोपळा त्याच्यासमोर गणपती उत्सवातला बालकलाकार वाटतो.

सलगम कोरणं सोपं नाही. गर घट्ट, चमचा वाकतो, सुरी घसरते. तासभर लागतो. मग भोपळा कुठून आला?

तर इथे करपा येतो. १८४५ साली आयर्लंडच्या बटाट्यावर रोग पडला. फायटोप्थोरा. आपले टोमॅटो-बटाटावाले त्याला उशिरा येणारा करपा म्हणून ओळखतात. ढगाळ, ओलसर हवा मिळाली की चार दिवसांत शेत काळं. आपल्याकडे त्याने नुकसान होतं, माणूस कर्जात जातो. तिथे त्या वेळी गरीब कुळांचं जेवण म्हणजे फक्त बटाटा. बरं धान्य होतं ते खंडापोटी जायचं, देशाबाहेर विकलं जायचं. पुढच्या सात वर्षांत सुमारे दहा लाख माणसं मेली आणि दहा लाखांहून जास्त देश सोडून गेली, त्यातली पुष्कळ अमेरिकेला. १८४१ च्या खानेसुमारीत बेटाची लोकसंख्या ८० लाखांच्या वर होती, यावरून अंदाज घ्या. या लोकांनी सोबत काय नेलं असेल? भांडीकुंडी नाही. सण नेले. त्यांच्या आधी गेलेले स्कॉट लोक होतेच. अमेरिकेत हॅलोविन घरोघर पोचला तो या दोघांच्या पाठीवरून, त्यातही दुष्काळाने हाकललेल्यांच्या.

तिथे शेतात त्यांना भोपळा दिसला. भोपळा मूळ अमेरिका खंडाचा. मेक्सिकोतल्या ओआहाका भागातल्या गुहेत सापडलेल्या बिया सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीच्या आहेत, म्हणजे मक्याच्याही आधी माणसाने तो लावायला घेतला. तिथले मूळ रहिवासी मका, घेवडा आणि भोपळा एकाच जागी घेत. मक्यावर घेवडा चढायचा, घेवडा नत्र द्यायचा, भोपळ्याची पानं जमीन झाकून तण दाबायची. आंतरपिकाचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. तर हा भोपळा सलगमाच्या दहापट मोठा, आतून पोकळ, साल मऊ, रंगाने नारिंगी. पोरांनी सलगम सोडून दिला यात नवल काय!

सोंगांसोबत खोड्याही गेल्या, आणि त्यांचा मार शेतकऱ्यांनी खाल्ला. त्या रात्री फाटकं बिजागरीतून काढून झाडावर टांगायची, बैलगाडी किंवा घोडागाडी सुटी करून कोठाराच्या छपरावर नेऊन पुन्हा जोडायची, संडास उलथा करायचा. शेजाऱ्याच्या शेतातली कोबी उपटून दारांवर फेकायची. न्यू जर्सीच्या काही भागात आदल्या रात्रीला अजून कोबीची रात्र म्हणतात. मिनेसोटातल्या अनोका गावात तर एके वर्षी सकाळी लोक उठले तेव्हा मुख्य रस्त्यावर गाई फिरत होत्या. कंटाळून त्या गावाने १९२० साली पोरांसाठी मिरवणूक आणि खाऊ सुरू केला, म्हणजे त्यांचे हात गुंतून राहतील. आज ते गाव स्वतःला हॅलोविनची राजधानी म्हणवतं. 'खाऊ द्या नाहीतर खोडी काढू' अशा अर्थाची ती प्रसिद्ध मागणी छापील रूपात सर्वात आधी कॅनडाच्या वर्तमानपत्रांत दिसते. १९२७ सालची एक बातमी आल्बर्टातल्या ब्लॅकी नावाच्या गव्हाच्या मुलखातल्या छोट्या गावची आहे, आणि त्यात पोरांनी पळवलेल्या वस्तूंत गाडीची चाकं, फाटकं आणि पिंपं आहेत. सगळं शेतकऱ्याचं सामान!

दरम्यान शहरात वेगळंच चाललं होतं. १८९८ साली मार्था ऑर्न या बाईने हॅलोविन कसा साजरा करावा याची पुस्तिका काढली. त्यात गावातले खेळ होते, पण ते आता पाहुण्यांना बोलावून दिवाणखान्यात खेळायचे. मग मॅसॅच्युसेट्समधल्या डेनिसन कंपनीने १९०९ मध्ये 'बोगी बुक' काढलं. ही कंपनी क्रेप कागद विकत होती, तो सुरकुत्यांचा ताणला जाणारा रंगीत कागद, आपण पताका-फुलांना वापरतो तो. पुस्तकात काळ्या-नारिंगी कागदाचे झगे, टोप्या, मांजरं, वटवाघळं घरी कशी करायची ते चित्रांसह दिलेलं. साध्या कपड्यावर कागद टाचायचा, रात्र झाली की टाकून द्यायचा. १९१२ पासून तिशीच्या दशकापर्यंत ही पुस्तकं निघत राहिली. म्हणजे बघा, सोंग अजून घरीच होत होतं, आई-मावशीच्या हातचंच होतं. पण माल शेतातून येणं थांबून कारखान्यातून यायला लागला. माझ्या मते खरा बदल इथे झाला, पुढे जे प्लास्टिक आलं तेव्हा नाही. आणि कागद मेणबत्तीजवळ गेला की काय होतं ते सांगायला नको.

शेतावरची घरं मात्र अजून वेगळ्या रस्त्याने चालली होती. १९२० नंतर अमेरिकेत पीठ आणि कोंबड्यांचं खाद्य सुती पोत्यांत येई. शेतकऱ्यांच्या बायका त्या पोत्यांचे झगे, उशांचे अभ्रे, पोरांचे सदरे शिवत. गिरणीवाल्यांच्या हे लक्षात आलं तेव्हा त्यांनी पोत्यांवर फुलं-चौकडे छापायला सुरुवात केली, कंपनीचं नाव धुतल्यावर निघेल अशा शाईत. मग नवऱ्याला ताकीद: खाद्य आणशील तर त्याच नक्षीचं दुसरं पोतं आण, एका पोत्यात झगा होत नाही. मंदीच्या वर्षांत पोरांची हॅलोविनची सोंगंही पोती, जुन्या चादरी, बापाच्या फाटक्या पँटी यांतूनच झाली. चादरीला दोन भोकं पाडली की भूत, आणि ठिगळाच्या कोटात तणस कोंबलं की बुजगावणं. आमच्या वयाच्या लोकांनी युरियाच्या पोत्याची खोळ करून पावसाळे काढले आहेत, त्यामुळे या बायांबद्दल मला जरा जास्तच आपलेपणा वाटतो.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत साखरेवर रेशन होतं, १९४२ पासून १९४७ पर्यंत. ते उठलं आणि दारोदार खाऊ मागायची पद्धत एकदम देशभर झाली. त्याआधी १९३७ साली न्यूयॉर्कमध्ये बेन कूपर कंपनी सुरू झाली होती. पातळ प्लास्टिकचा मुखवटा, मागे रबर, आणि समोर चित्र छापलेला झगा, एका खोक्यात. चित्रपटातली, नंतर टीव्हीवरची पात्रं. स्वस्त, पाच मिनिटांत तयार. आया नोकरीला जात होत्या, शिवायला वेळ कुणाला? त्यांना नावं ठेवणं मला पटत नाही. पण त्यामुळे एक झालं: पोरगं सोंगात आपलं काही घालेनासं झालं. त्या गल्लीत एकाच पात्राची आठ पोरं दिसू लागली.

शेतकऱ्याचं काय झालं? त्याच्याकडे भोपळा राहिला. आणि त्याने तो नीट धरून ठेवला. मॅसॅच्युसेट्समधल्या जॉन हाउडन नावाच्या शेतकऱ्याने १९६० च्या दशकात निवड करत करत एक भोपळा तयार केला: आकार गोल-उभट, रंग गडद, देठ जाड आणि मजबूत, कारण पोरं तो देठाला धरूनच उचलतात. खायला बेचव, पाणचट. पण कोरायला त्याच्यासारखा नाही, आणि पुढे पन्नास वर्षं हॅलोविनचा भोपळा म्हणजे हाउडन असंच झालं. १९९३ साली पेनसिल्व्हेनियात ॲनव्हिल इथे मक्याच्या शेतात वाटा कापून पहिला मोठा भुलभुलैया केला गेला, तेव्हापासून ऑक्टोबरात शहरातली माणसं तिकीट काढून शेतावर यायला लागली. आज तिथल्या अनेक छोट्या शेतकऱ्यांचं वर्ष या चार आठवड्यांवर चालतं. न्यू जर्सीतली मराठी घरंही पोरांना घेऊन तिथे जातात. २०२४ मध्ये नरक चतुर्दशी आणि हॅलोविन एकाच तारखेला आले, ३१ ऑक्टोबरला. सकाळी उटणं आणि संध्याकाळी भुताचा झगा.

हे वाचून 'मग आपणही लावू का' असं विचारणारे आहेत. एका तरुण शेतकऱ्याने मागच्या महिन्यात विचारलंच. माझं मत सांगतो, पटलं तर घ्या. तसल्या भोपळ्याला सुमारे ११० दिवस लागतात. ऑक्टोबरच्या मध्यात माल पाहिजे तर पेरणी जूनच्या शेवटी, म्हणजे सगळी वाढ आपल्या पावसात. भुरी, केवडा, फळमाशी, आणि ओल्या जमिनीवर टेकलेलं फळ सडणार ते वेगळंच. घेणारे पुण्या-मुंबईचे मॉल आणि हॉटेलं; त्यांना मोजके नग हवेत, आणि १ नोव्हेंबरला त्याची किंमत शून्य. खायच्या कामाचा नाही, म्हणून बाजारातही जाणार नाही. आपला लाल भोपळा, ज्याला आम्ही कोहळं म्हणतो, तो वेगळ्या जातीचा. गर जाड, साल टणक, कोरायला अवघड. पण महिनोन्महिने टिकतो आणि लग्नसराईत उठतो. ऑर्डर लेखी आणि अर्धे पैसे आधी, असं असेल तरच दोन-चार गुंठे करून बघा.

आणि तणसाचं? तणसाचा पोशाख फक्त दुकानामुळे गेला असं नाही. तो यंत्राने नेला. त्या सोंगाला गुडघ्यापर्यंत लोंबेल असं लांब, न चुरलेलं तणस लागतं. आयर्लंडमध्ये लग्नघरी तणसाच्या टोप्या घालून जाणारे सोंगाडे अजून आहेत, आणि तणसाची छपरं शाकारणारेही. दोघांची अडचण एकच. पिकाच्या जाती बुटक्या झाल्या आणि कंबाइन तणस चुरून टाकतो. मग जुनी उंच जात मुद्दाम पेरायची, हिरवट असतानाच जुन्या पद्धतीने कापायची, पेंढ्या बांधून ठेवायच्या, तेव्हा कुठे माल मिळतो. आमच्याकडे वेगळं काय आहे? १९६६ मध्ये आयआर-८ आला, त्याच्या मागोमाग बुटके धान आले, आणि ते यायलाच पाहिजे होते, पोट भरलं त्यांनी. आता हार्वेस्टर बांधीत उतरतो आणि मागे कुटार टाकत जातो. त्याची पेंढी बांधता येत नाही, दोर वळता येत नाही, गोठ्यावर घालता येत नाही.

मी एक बांधी अजून जुन्या उंच धानाची ठेवतो. उत्पन्न कमी, लोळतोही. ती विळ्यानेच कापतो, कारण घरच्या दोन गाई यंत्राचं कुटार उष्टं टाकतात. या वर्षी ही नोंद लिहायच्या नादात मुलीने आणि तिच्या मैत्रिणींनी मागे लागून त्यातल्या चार पेंढ्या घेतल्या आणि अंगणात स्केकलरची टोपी करून बघितली. युक्ती कळायला दुपार गेली. तणस आधी पाणी शिंपडून रात्रभर पोत्याखाली ठेवायचं, नाहीतर वाकवताना तुटतं. मुठीएवढी जुडी शेंड्याकडून घट्ट बांधायची, मग खालची टोकं टोपलीच्या कडेवर छत्रीसारखी पसरवून दोन ठिकाणी सुतळीने विणत यायचं. सुतळीऐवजी तणसाचाच दोर वळला तर आणखी चांगलं, पण तो वळणारे हात गावात आता दोघा-तिघांचेच. कमरेच्या घेरासाठी दोन पेंढ्या पुरतात. खाज सुटते, आत पूर्ण बाह्यांचा सदरा पाहिजे. आणि या पोशाखाजवळ दिवा, फटाका, बिडी काहीही न्यायचं नाही, हे पोरांना दोनदा सांगा.

भाऊबीजेनंतर मंडईचे दिवस आहेत, दंडारी उभ्या राहतील. कुणाला सोंगासाठी लांब तणस पाहिजे असेल तर त्याआधी सांगून ठेवा. दहा-बारा पेंढ्या बाजूला ठेवल्या आहेत. नंतर त्या गाईंच्या.